आधी ठिकाण, मग हकीकत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

संकटात लावायचा फोन नंबर तीनच आकड्यांचा का असतो, असं विचारलं तर शाळकरी मूलही सांगेल, की लक्षात राहावा म्हणून. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. असा नंबर वेगळा ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे आणि आज आठवण करून द्यायची आहे ती त्याच कारणाची. त्यासाठी थोडं मागे, लंडनला जावं लागेल.

१९३५ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका डॉक्टरांच्या घराला आग लागली. पाच स्त्रिया त्यात दगावल्या. शेजारच्या एका गृहस्थांनी आग पाहिली आणि टेलिफोन एक्स्चेंजला फोन लावला, पण तो रांगेत अडकला. एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरपुढे सगळे फोन सारखेच. त्यातला आगीचा कोणता आणि मावशीची खुशाली विचारणाऱ्याचा कोणता, हे कळायला मार्ग नव्हता. त्या गृहस्थांनी संतापून 'टाइम्स'ला पत्र लिहिलं, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा नंबर सुरू झाला. तो फोन आला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. पहिल्याच आठवड्यात हजारावर फोन आले. त्यात थट्टा करणारेही होते. म्हणजे हा रोग नंबराइतकाच जुना आहे!

सांगायचं ते एवढंच, की हा नंबर जन्माला आला तो रांग मोडण्यासाठी. ज्याचा जीव टांगणीला लागला आहे, त्याला इतरांच्या मागे तिष्ठत राहावं लागू नये यासाठी. आपण विनाकारण तिथे फोन करतो, तेव्हा ती मोडलेली रांग पुन्हा उभी करतो.

मी पोलिसांच्या बिनतारी विभागात नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं एका जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात, म्हणजे ज्याला आपण सरसकट कंट्रोल रूम म्हणतो तिथे, फोनसमोर काढली. त्या अनुभवावरून काही गोष्टी सांगतो.

फोन कोण उचलतं?

आपल्याकडे वर्षानुवर्षं पोलिसांसाठी १००, अग्निशमन दलासाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०२ असे नंबर होते. २००५ मध्ये आंध्र प्रदेशात १०८ ही रुग्णवाहिकेची सेवा सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली आणि तिच्या गाडीत डॉक्टरही असतात. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या त्या भीषण घटनेनंतर साऱ्या देशाला एकच नंबर असावा, या विचाराने जोर धरला. त्यातून ११२ आला. नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशात त्याची सुरुवात झाली आणि २०२१ मध्ये तो महाराष्ट्रात लागू झाला. पोलीस, आग, वैद्यकीय मदत, सगळ्यासाठी हा एक नंबर पुरतो. जुना १०० लावला तरी आता तो फोन ११२ कडेच वळतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. ११२ लावला की फोन आपल्या पोलीस ठाण्यात वाजतो, अशी बहुतेकांची समजूत असते. तसं नाही. तो राज्याच्या केंद्रात, म्हणजे नवी मुंबईला किंवा नागपूरला उचलला जातो. तिथे बसलेली मुलगी कदाचित तुमच्या तालुक्यात कधी आलेलीही नसेल. ती तुमची माहिती संगणकावर नोंदवते, ती नोंद तुमच्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात उमटते आणि तिथला माणूस जवळची गाडी त्या जागेवर धाडतो. गाडीतही एक पडदा असतो, त्यावर पत्ता आणि हकीकत दिसते.

हे लक्षात आलं, की "मारुतीच्या देवळाजवळ लवकर या" असं सांगून फोन ठेवणं किती निरुपयोगी आहे ते कळेल. महाराष्ट्रात मारुतीचं देऊळ नाही असं गाव मला दाखवा! गावांच्या नावांचंही तेच. कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. मालेगाव नाशिकमध्ये आहे तसं वाशिममध्येही आहे. आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात. कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्ये. वडगाव आणि पिंपळगाव तर मोजायलाच नकोत. म्हणून गाव, तालुका, जिल्हा हे तिन्ही शब्द एका दमात सांगायची सवय हवी.

"पण मोबाइलवरून जागा कळतेच ना?" असं तरुण मंडळी विचारतात. कळते, पण बऱ्याचदा अंदाजानेच. टॉवर जवळजवळ असतील तर हा अंदाज बरा असतो. जिथे दोन टॉवरमध्ये चार डोंगर आहेत, तिथे तो कामाचा राहत नाही. शिवाय दहा मजली इमारतीत तुम्ही कुठल्या मजल्यावर आहात, हे नकाशावरच्या ठिपक्याला काय ठाऊक?

आधी ठिकाण

म्हणून माझं पहिलं सांगणं असं: आधी ठिकाण, मग हकीकत. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो. तो भांडण कशावरून झालं तिथपासून सुरुवात करतो आणि पत्ता सांगायच्या आत फोन कटतो, बॅटरी संपते किंवा कोणी हातातून फोन हिसकावतं. एवढं होऊनही पत्ता आधी सांगितलेला असेल, तर गाडी निघू शकते. नुसती हकीकत कळून गाडी कुठे पाठवायची?

रस्त्यावर असाल तर किलोमीटरचा दगड पाहा. महामार्गावर आणि द्रुतगती मार्गावर हे आकडे ठरावीक अंतराने लावलेले असतात. सोबत दिशाही सांगा. मुंबईहून पुण्याकडे जाणारी बाजू की पुण्याहून मुंबईकडे येणारी? मधला दुभाजक ओलांडता येत नाही. चुकीच्या बाजूने आलेल्या गाडीला अपघात डोळ्यांना दिसत असतो, पण वळसा घालायला कित्येक किलोमीटर पुढे जावं लागतं. रेल्वेमार्गाजवळ असाल तर विजेच्या तारांच्या खांबांवर रंगवलेले आकडे वाचा. रेल्वेची माणसं त्यावरून जागा अचूक ओळखतात. शेतात असाल तर जवळची शाळा, साखर कारखाना, पाझर तलाव, पाण्याची टाकी, फाट्याचं नाव, जे कायमचं आहे ते सांगा. "पांढरी गाडी उभी आहे तिथे" असं सांगू नका, ती गाडी निघून जाते.

एकदा साताठ वर्षांच्या एका मुलाचा फोन आला होता. "आई उठत नाही," एवढंच तो सांगत होता. वडील बाहेरगावी. पत्ता विचारला तर "आमच्या घरी" म्हणाला. माझ्या सहकारी बाईंनी आवाज जराही न चढवता त्याला विचारलं, "बाळा, तुझ्या वहीवर शाळेचं नाव लिहिलंय ना? ते मला वाचून दाखव." त्याने अक्षर अक्षर लावून वाचलं. मग, "तुझ्या घरातून शाळा दिसते का? घराखाली कसलं दुकान आहे?" गिरणी आहे, म्हणाला. शाळेसमोरची पिठाची गिरणी एवढ्यावर गाडी पोचली. बाईंची साखर एकदम उतरली होती. त्या वाचल्या.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलो आहे, की मुलांना आपला पूर्ण पत्ता कवितेसारखा पाठ करून घ्या. घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरात तो लिहून ठेवा. पाहुण्यांना, कामाला येणाऱ्या ताईंना आणि आजी-आजोबांना सांभाळायला ठेवलेल्या माणसालाही त्याचा उपयोग होतो. काहीच नसेल तर लाइट बिल हाताशी ठेवा, त्यावर पत्ता छापलेला असतो.

ठिकाणानंतर काय घडलं आहे आणि किती माणसं जखमी आहेत ते सांगा. कोणी अडकलं आहे का, आग किंवा हत्यार आहे का, तेही सांगा. पलीकडची व्यक्ती प्रश्न विचारते तेव्हा लोक चिडतात: "प्रश्न काय विचारताय, गाडी पाठवा आधी!" पण फोनवर बोलणारा आणि गाडी पाठवणारा, ही दोन वेगवेगळी माणसं असतात. तुम्ही उत्तरं देत असताना दुसरीकडे गाडी निघण्याची तयारी झालेली असू शकते. तुमच्या उत्तरांवरून ठरतं ते हे, की सोबत आणखी काय पाठवायचं. म्हणून ते सांगतील तोवर फोन ठेवू नका. ठेवल्यावरही तो मोकळा राहू द्या, कारण पत्ता सापडला नाही तर त्याच नंबरवर उलट फोन येतो. त्या वेळी तुम्ही नातेवाइकांना बातमी देण्यात गुंतलेले असाल, तर गाडी चौकात उभी राहते.

लांडगा आला रे

आता दुसरी बाजू. या नंबरावर जे फोन यायला नकोत, त्यांचे प्रकार मी पाहिले आहेत. काही निव्वळ अजाणतेपणाचे. लहान मुलाच्या हातात खेळायला फोन दिला जातो. तो बंद केलेला असला तरी पडद्यावरून संकटाचा फोन लागू शकतो. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या हँडसेटमध्ये बटण दाबून थेट मदत मागण्याची सोय बंधनकारक झाली. ती चांगलीच आहे, पण खिशात, पर्समध्ये बटण दाबलं जातं आणि फोन लागतो. असं झालं तर घाबरून कट करू नका. बहुतेक लोक तेच करतात. मग पलीकडच्या माणसाला प्रश्न पडतो, हा चुकून आला की कोणी तोंड दाबलं? त्याला पुन्हा फोन करून खात्री करावी लागते. "चुकून लागला, सगळं ठीक आहे," एवढं वाक्य बोललात की काम संपलं. त्याबद्दल कोणी रागावत नाही.

काही फोन जागा चुकलेले असतात. वीज गेली, नळाला पाणी नाही, गाडी किती वाजता सुटते, अमक्या डॉक्टरांचा नंबर द्या. त्या अडचणी खऱ्याच, पण त्यांच्यासाठी दुसरी दारं आहेत. विजेच्या तक्रारीसाठी १९१२ आहे, रेल्वेसाठी १३९ आहे.

काही फोन मात्र चीड आणणारे. दारू पिऊन, रात्री वेळ जात नाही म्हणून केलेले. फोन उचलणारी बाई आहे असं कळल्यावर अचकट-विचकट बोलणारे. त्या मुलींना तो फोन ऐकून घ्यावा लागतो आणि पुढच्याच क्षणी दुसरा, खऱ्या संकटातल्या माणसाचा फोन शांत आवाजात उचलावा लागतो. हे किती कठीण आहे ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

सूड म्हणून केलेले फोन निराळेच. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण, म्हणून त्याच्या घरी गुन्हेगार लपले आहेत असं कळवायचं. गाडी लवकर यावी म्हणून साध्या बाचाबाचीला "खून झालाय" म्हणून सांगणारेही असतात. त्यांना वाटतं, आपण हुशारी केली. पण त्या एका शब्दासरशी दोन गाड्या तिकडे धावतात आणि तेवढा भाग उघडा पडतो.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. गावाकडे जाणारी शेवटची एसटी चुकेल म्हणून एका तरुणाने स्टँडवर बॉम्ब असल्याचा फोन केला. गाडी थोडी थांबेल, एवढाच त्याचा हिशेब. स्टँड रिकामा केला, श्वानपथक आलं, प्रवाशांचं सामान तपासलं. तालुक्याच्या गाड्या तिथे अडकल्या. त्याच वेळी दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टर उलटून त्याखाली एक मुलगा सापडल्याचा फोन आला. मदत शेजारच्या तालुक्यातून पाठवावी लागली. मुलगा वाचला, पण त्याचा पाय गेला. गाडी लवकर पोचली असती तर पाय वाचला असता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, ते डॉक्टरांनाच ठाऊक. पण तो मुलगा आणि त्याचे आईवडील जन्मभर तो प्रश्न मनात बाळगणार, हे मात्र नक्की. फोन करणाऱ्याला त्या मुलाचं नावही माहीत नव्हतं.

खोट्या फोनचं असंच असतं. त्याची शिक्षा भोगणारा माणूस वेगळाच असतो. कायद्यात तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २१७ व्या कलमाखाली सरकारी यंत्रणेला जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फोन कोणाचा, हे शोधणंही आता अवघड राहिलेलं नाही. पण मला वाटतं, दंडाच्या भीतीपेक्षा त्या पायाची आठवण जास्त उपयोगाची आहे.

न आलेला फोन

एवढं ऐकून कोणी म्हणेल, "नको रे बाबा, फोनच नको करायला." तसं होता कामा नये. माझ्या अनुभवात खोट्या फोनइतकंच नुकसान न आलेल्या फोनने केलं आहे.

रस्त्यावर अपघात होतो, पन्नास माणसं जमतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या कोणीतरी फोन केलाच असेल. कित्येक मिनिटं एकही फोन येत नाही. काहींना भीती असते, की आपलं नाव गुंतेल, साक्षीला खेटे घालावे लागतील. ही भीती पूर्वी निराधार नव्हती. पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही तसं कलम आलं. जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. तेव्हा गर्दीत उभे असाल तर गृहीत धरा, की कोणीही फोन केलेला नाही. नाहीतर जवळच्या एकाकडे बोट दाखवून सांगा, "तुम्ही १०८ ला फोन करा."

घरातली वडीलधारी माणसं आणखी वेगळ्या कारणाने थांबतात. रात्री दोनला छातीत कळ येते, घाम फुटतो, पण "पित्त असेल, मुलांची झोप कशाला मोडा, सकाळी बघू" असं म्हणून आजोबा बसून राहतात. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, ही पक्षाघाताची लक्षणं. त्यात गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. साप चावल्यावर मांत्रिकाकडे घालवलेला तासही असाच परत येत नाही. इथे संकोच हा सद्गुण नाही.

शेजारच्या घरातून मारहाणीचा, किंचाळण्याचा आवाज येतो. "घरगुती मामला आहे, आपण कशाला पडा?" असं म्हणून आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. आतल्या बाईच्या हातात फोन नसतो. तुमच्या हातात असतो.

मग फोन करावा की करू नये, हे कसं ओळखायचं? मी एक साधी कसोटी सांगतो. आत्ता, या घटकेला कोणाच्या जिवाला, शरीराला किंवा अब्रूला धोका आहे का? आग लागली आहे का? गुन्हा डोळ्यांसमोर घडतो आहे का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर फोन करा. 'माहीत नाही, पण वाटतंय' असं असेल तरीही करा आणि जे पाहिलं तेवढंच सांगा. धूर दिसतो आहे तर "धूर दिसतो आहे" म्हणा, "सगळी चाळ जळाली" म्हणू नका. प्रामाणिकपणे केलेला आणि नंतर अनावश्यक ठरलेला फोन हा खोटा फोन नसतो. कालची चोरी, महिन्यापूर्वीची फसवणूक, हरवलेला परवाना, यांच्यासाठी मात्र पोलीस ठाण्यात जावं.

काही नंबर मात्र लिहूनच घ्या. रुग्णवाहिकेसाठी १०८. गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी १०२. संकटातल्या मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१. राष्ट्रीय महामार्गावर १०३३. स्वयंपाकाच्या गॅसची गळती असेल तर १९०६, पण आधी घराबाहेर या आणि मग फोन करा. आत दिव्याचं बटणही दाबू नका. बँक खात्यातून ऑनलाइन पैसे लांबवले गेले तर १९३०, आणि तिथे मिनिटांचा हिशेब असतो, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचे असतात.

फोन झाल्यावरही आपलं काम संपत नाही. एकाला कोपऱ्यावर उभं करा, रात्र असेल तर हातात बॅटरी द्या. सोसायटीचं फाटक उघडा, कुत्रा बांधा, वाटेत लावलेल्या मोटारसायकली हलवा. आगीचा बंब पोचतो आणि शेवटच्या पन्नास फुटांवर अडतो, हे आपल्या गल्ल्यांचं जुनं दुखणं आहे. आणि तुम्ही स्वतः रस्त्यावर असताना मागून भोंगा ऐकू आला, तर बाजूला व्हा. वाट न देणाऱ्याला दहा हजारांचा दंड आहे, पण ते दंडासाठी करायचं नसतं. त्या गाडीत कोण आहे हे तुम्हाला दिसत नाही, आणि उद्या तुम्ही आत असाल तेव्हा पुढच्या गाडीवाल्यालाही ते दिसणार नाही.

आज जेवण झालं की घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि विचारा: "समजा मी आत्ता खाली कोसळलो, तर फोन कोण करेल, कुठे करेल, आणि पहिलं वाक्य काय बोलेल?" पहिल्या वाक्यात गाव, तालुका, जिल्हा आणि घराची खूण आली, तर तुमचं घर तयार आहे.